पहिल्या आग्रहाला नाही

ब्रूकसाहेब गणपतीत आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले आणि भाऊंनी त्यांना मोदकांनी जवळजवळ ठार केलं.

भाऊ म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, सडसडीत, धोतर, कोट आणि छत्रीवाले. साहेब मुलुंडलाच आमच्या इमारतीच्या मागे, डोंगराच्या अंगाला, कंपनीच्या बंगल्यात राहायचे. आग्रा रोडवर यंत्रांचा एक कारखाना होता, तिथे विलायतेहून आलेले इंजिनियर. तर त्या दिवशी साहेब ‘नो, थँक यू’ म्हणाले की भाऊ हसून आणखी एक मोदक वाढायचे. साहेब जास्त कळवळून ‘नो’ म्हणायचे, भाऊ जास्त आनंदाने वाढायचे. वर तुपाची धार. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. गोरा माणूस लाल होतो हे माहीत होतं. हिरवा होतो हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी फिरताना साहेब भाऊंना म्हणाले, “आमच्याकडे माणसाला एकदाच विचारतात. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नाही असं सांगणं.”

भाऊंनी घरी येऊन ही गोष्ट मला नवल म्हणून सांगितली. “काय कोरडे लोक गं हे! एकदाच विचारायचं? मग माणसाने खायचं कधी?”

त्याचा अनुभव त्यांना लवकरच आला. बंगल्यावर बाईंनी, म्हणजे मिसेस मार्गारेट ब्रूकनी, बिस्किटांचा डबा पुढे केला. भाऊ म्हणाले, “नो, नो.” बाईंनी झाकण लावलं. भाऊ घरी आले ते सरळ स्वयंपाकघरात, आणि कालची पोळी चहात बुडवून खात बसले. “अगं, क्रीमची होती. दिसत होती मला,” एवढंच म्हणाले.

भाऊंचा नियम होता, पहिल्या हाकेला ओ द्यावी, पहिल्या आग्रहाला नाही. पहिल्यांदा ‘नको’, दुसऱ्यांदा ‘कशाला उगाच’, तिसऱ्यांदा ‘बरं, तुमचा मान’. मला बघायला आले तेव्हासुद्धा दुसरी वाटी बासुंदी त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावरच घेतली, आणि मग वाटी अशी साफ केली की घासायला नको, असं माझी आई सांगायची.

साहेबांशी ओळख झाली ती मात्र कुत्र्यामुळे. माईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, वर्षश्राद्ध झालं तरी भाऊ काही सावरले नव्हते. चहा पुढे ठेवला तर साय धरेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे. आमटीत मीठ कमी पडलं तर मागायचे नाहीत, अळणी जेवून उठायचे. आमचे हे, म्हणजे विद्याधर, कचेरीतून आले की वडिलांशेजारी पाच मिनिटं बसायचे आणि दोघंही भिंतीकडे बघायचे. उन्हाळ्यातल्या एका सकाळी आमच्या तळमजल्याच्या व्हरांड्यात एक भला थोरला, मधाच्या रंगाचा कुत्रा शिरला आणि भाऊंच्या पायांवर बसला. शेजारी नाही, पायांवर.

भाऊंचं इंग्रजी सगळं फायलीतलं. विलायती कुत्रा आहे म्हणून ते त्याला म्हणाले, “काइंडली मूव्ह.”

कुत्रा हलला नाही. थोड्या वेळाने अर्ध्या चड्डीत, घामाने निथळत साहेब त्याला शोधत आले. त्याचं नाव मॉन्टी. भाऊंनी त्याचा तिथल्या तिथे मोती केला, आणि तो दोन्ही नावांना ओ द्यायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर भाऊ कॅनव्हासचे बूट घालून, धोतर खोचून दारात उभे. वर्षभरात पहिल्यांदा मला म्हणाले, “उत्तरा, पोळी उरली असेल तर एक दे. माझ्यासाठी नव्हे.”

तेव्हापासून डोंगराच्या पायथ्याने जी पाण्याची मोठी पाइपलाइन जाते तिच्या कडेने तिघांचा फेरा सुरू झाला. साहेबांना व्यायामाचं वेड होतं. ते पळायचे, भाऊ छत्री टेकत चालायचे, आणि कुत्रा बिचारा दोघांच्या मधल्या अंतरात येरझाऱ्या घालायचा. पुढचा सुटला म्हणून पुढे, मागचा राहिला म्हणून मागे. परत आल्यावर भाऊ साहेबांना बंगल्याच्या हिरवळीवर सूर्यनमस्कार शिकवायचे. साहेबांचा गुडघा प्रत्येक नमस्काराला करकरायचा. “हॅरीसाहेब, मंत्र तुम्ही म्हणू नका, तुमचा गुडघा म्हणतोय,” असं भाऊ म्हणाले, आणि साहेबांना ते समजावून सांगण्यात त्यांची अर्धी सकाळ गेली.

नुसतं ‘हॅरी’ म्हणा असं साहेबांनी कितीदा सांगितलं. भाऊंच्या तोंडून ‘साहेब’ काही सुटलं नाही. साहेबांना ‘भाऊ’ म्हणता यायचं नाही, ते ‘बाओ’ म्हणायचे. दोघांचं झकास चाललं होतं.

साहेबांची मुलं तिकडे बोर्डिंगात. ती सुट्टीला आली की सगळं कुटुंब फिरायला निघायचं. एकदा सिलोन, एकदा काश्मीर, एकदा नेपाळ, एकदा तर पार जपान. मग मोती आमच्याकडे. भाऊ स्वतः नाशिकच्या पलीकडे गेले नव्हते, पण साहेबांची चित्रांची कार्डं आली की व्हरांड्यात खुर्ची टाकून कुत्र्याला मोठ्याने वाचून दाखवायचे.

“ऐक रे. तुझे मालक म्हणतात, इथे देवळात हत्ती आहे. आणि बाईंना पोटाचा त्रास झालाय. मी सांगत होतो, बाहेरचं पाणी पिऊ नका.”

मोती वरणभात खाऊन सुस्तावलेला असायचा. बंगल्यावर त्याला मटण मिळायचं, पण आमच्याकडे आला की वरणभातावर जरा तूप लागायचं त्याला. माई असत्या तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. कुत्रं चुलीपर्यंत कधी आलं हे आम्हालाच कळलं नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मोतीचं तोंड पांढरं झालं. साहेबांच्या मागे पळणं त्याने सोडलं आणि तो भाऊंच्या चालीने, त्यांच्या धोतराला घासत चालायला लागला. भाऊ त्याला म्हणायचे, “आता तूही पेन्शनर.”

अडुसष्ट सालच्या थंडीत कळलं की साहेब कायमचे चालले. कारखान्यात आता आपलेच इंजिनियर नेमायचं ठरलं होतं. महिनाभरात बंगला रिकामा करायचा होता. बंगल्यावरचा स्वयंपाकी धोंडिराम, मालवणकडचा, तो बाजारात भेटला तेव्हा म्हणाला की कुत्र्याला विलायतेत सरळ घरी नेता येत नाही, सहा महिने वेगळं कोंडून ठेवतात. एवढा म्हातारा जीव त्यात टिकायचा नाही.

“मग?” मी विचारलं.

“मग काय वयनी. बाजूच्या बंगल्यातलो जाडो सायब गेलो, तेना दोनय कुत्र्यांक डॉक्टराकडसून मरणाची सुई मारून घेतल्यान. ह्यांची तीच रीत. दुसऱ्याच्या दारात हाल नकोत म्हणतत.”

मी घरी येऊन भाऊंना सांगितलं. ते अजिबात घाबरले नाहीत. “त्या जाड्याला विचारायला माणूस नव्हतं. इथे मी आहे की. मोती दुसरा कुठे जाणार?”

आणि खरंच, दोन दिवसांनी भाऊ फिरून आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. मी पोळ्या लाटत होते. ते दारातच पाट ओढून बसले.

“साहेबांनी विषय काढला.”

“अगबाई! काय म्हणाले?”

“म्हणाले, बाओ, तुम्ही मॉन्टीला ठेवून घ्याल का? अगदी खरं सांगा, म्हणाले. संकोच करू नका.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, छे छे, असं कसं! तुमच्या घरचं माणूस ते.”

माझं लाटणं थांबलं. “भाऊ, तुम्ही नको म्हणालात?”

“पहिल्यांदाच तर विचारलं गं त्यांनी.”

“मग ते काय म्हणाले?”

“काही नाही. मान हलवली. माझ्या खांद्यावर जरा वेळ हात ठेवला. भला माणूस आहे. बघ, उद्या परत काढतील.”

“भाऊ, ते लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. तुम्हीच सांगितलंत मला.”

“ती बिस्किटं होती,” भाऊ म्हणाले. “हा जीव आहे.”

त्या दिवसापासून घरात तयारी सुरू झाली. भाऊंनी जुनी सतरंजी उन्हात घातली, तिची चौपदरी घडी करून खिडकीखाली जागा बघितली. तिथे दुपारी ऊन येतं म्हणून पलीकडे सरकवली. घरमालकाला विचारून आले. कल्हई गेलेली एक परात माळ्यावरून काढायला लावली मला. आमचे हे कुरकुरले. “दोन खोल्यांत चार माणसं, त्यात कुत्रा कशाला भाऊ? रात्री घोरतो तो.”

“तुझ्यापेक्षा कमी घोरतो,” भाऊ म्हणाले. आमचा मुलगा खिदळला आणि विषय संपला.

रोज सकाळी भाऊ फिरून आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची.

“आज?”

“आज त्यांचा गुडघा दुखत होता. फार बोलले नाहीत.”

“आज?”

“आज सामानाचंच चाललं होतं. पेटारे आलेत म्हणे.”

“आज काढला का विषय?”

“अगं, काढतील. जड जात असेल त्यांना. आपण काय सुटकेस मागतोय का त्यांची? स्वतःच्या हाताने वाढवलेलं पोर द्यायचं म्हणजे तोंडातून शब्द फुटायला वेळ लागतो.”

मला राहवेना. म्हटलं, “मी जाते आणि बाईंना सांगते. त्यात काय आहे?”

भाऊंचा आवाज कधी चढत नसे, पण तेव्हा चढला. “काय सांगशील? आमचा म्हातारा तुमच्या कुत्र्यावर डोळा ठेवून आहे, तुम्ही कधी निघता याची वाट बघतोय?”

“असं कोण म्हणेल?”

“मी म्हणेन. ते कुत्रं त्यांचं आहे, उत्तरा. त्यांना सोडून जायचंय म्हणून आधीच पोटात तुटतंय त्यांच्या. अशा माणसापुढे आपण हात पसरायचा? त्यांनी आपल्या हाताने दिला तर तो माझा. मागून घेतला तर जन्मभर वाटत राहील, मी तोडला त्यांच्यापासून.”

मी बंगल्यावर गेले नाही. पण गुरुवारी भाजीबाजारात धोंडिराम दिसला तेव्हा त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. भाऊंच्या मनात काय आहे, सतरंजी कशी टाकून ठेवली आहे, ते ‘नको’ का म्हणाले. तो आपल्यातलाच, त्याला लगेच कळलं. कपाळावर हात मारून म्हणाला, “आता सांगतंय सायबाक.” मी मेथीची एक जुडी जास्त घेतली, इतकं हलकं वाटलं मला.

शनिवारी साहेब फिरायला आलेच नाहीत. भाऊ पाइपलाइनवर एकटेच जाऊन आले. दिवसभर खिडकीपाशी बसून राहिले. संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणाले, “बस झालं. उद्या मीच जातो आणि सांगतो.”

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे बेसन भाजायला घेतलं. मागायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाणार? भाऊ खोलीत येरझाऱ्या घालत वाक्य पाठ करत होते. “सर, आय शुड बी ग्रेटफुल इफ मॉन्टी इज काइंडली अलाउड टु स्टे विथ मी.” मग मला विचारायचे, “‘काइंडली’ आधी घालू की नंतर?” मी घरी बसून, जुनी वर्तमानपत्रं वाचून शिकलेली. मी काय सांगणार! म्हटलं, “भाऊ, ‘मला हवाय’ एवढं म्हटलंत तरी पुरे.”

“तसं बरं दिसत नाही,” भाऊ म्हणाले.

रविवारी सकाळी भाऊ इस्त्रीचा कोट घालून निघाले. लाडवांचा डबा घेऊन मी बरोबर. बंगल्याच्या फाटकाशी धोंडिराम उभा होता. भाऊ त्याला रामराम करून सरळ आत गेले. त्याने मला थांबवलं. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

“वयनी, उशीर झालो. काल दुपारी डॉक्टर येवन गेलो.”

मला आधी कळेचना. “तू सांगितलं नाहीस?”

“सांगलंय गे! गुरुवारीच सांगलंय. सायब माका म्हणता, बाओन माका स्वतः तोंडार नाय म्हणान सांगल्यान. आता तुम्ही सगळे मिळान त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात घालू नका. तेका परत विचारून लाजवूचा नाय.”

मी “भाऊ!” म्हणून हाक मारली, पण ते व्हरांड्याच्या पायऱ्या चढलेसुद्धा होते. मी धावत गेले.

साहेब पेटाऱ्यांच्या मधोमध एका खोक्यावर बसले होते. दाढी केलेली नव्हती. भाऊ छाती भरून म्हणाले, “सर, आय शुड बी...” आणि साहेबांनी उठून त्यांचे दोन्ही हात धरले.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीच्या आधाराने कान देऊन ऐकत होते. पण साहेब इतकं सावकाश बोलले की सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

“काल दुपारी, बाओ. डॉक्टर घरीच आला होता. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. काही त्रास झाला नाही त्याला. तुम्हाला बोलावणार होतो. पण तुम्हाला एकदा नाही म्हणावं लागलं, तेच किती कठीण गेलं असेल. पुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत कशाला, असं मार्गारेट म्हणाली.”

भाऊंचे हात साहेबांच्या हातात तसेच होते. ते साहेबांकडे बघत होते, जसं एखादं पत्र दोनदा वाचावं तसं.

साहेब म्हणाले, “क्लबातले सगळे म्हणाले, आमच्याकडे सोडा, आमच्याकडे सोडा. तोंडदेखलं. महिन्याभरात त्याला कुठेतरी बांधून ठेवलं असतं. तुम्ही एकटे माझ्याशी खरं बोललात. त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे.”

मी पुढे झाले. “सर,” मी म्हटलं, “भाऊ वॉन्टेड...”

“उत्तरा.”

भाऊ मोठ्याने बोलले नाहीत. पण लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला तसं कधी थांबवलं नव्हतं. मग ते साहेबांकडे वळून शांतपणे इंग्रजीत म्हणाले, “माझी सून म्हणते आहे, प्रवास सुखाचा होवो. तिने लाडू केलेत वाटेसाठी.”

आणि मग म्हणाले, “तो फार म्हातारा झाला होता, सर. तुम्ही योग्यच केलंत.”

साहेब तोंड फिरवून बागेकडे बघत उभे राहिले. तिथे चाफ्याखाली ओली माती होती. बाई आतून आल्या, त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि मला मिठी मारली. आयुष्यात मला मिठी मारणारी ती पहिली परकी बाई. मी मात्र लाकडासारखी उभी होते.

परत येताना भाऊ छत्री टेकवत नव्हते, नुसती धरली होती. इमारतीच्या फाटकाशी आलो आणि मला नाहीच राहवलं.

“का नाही सांगू दिलंत मला?”

“सांगून काय झालं असतं?”

“त्यांना कळलं असतं तरी!”

“तेच तर,” भाऊ म्हणाले. ते थांबले, श्वास घेतला. “अगं, त्याचं डोकं ज्याच्या मांडीवर होतं ना, त्याला हे कळून चालायचं नाही. त्या माणसाला अजून तिकडे जाऊन जगायचंय.”

“आणि तुम्ही?”

त्यांनी कोटाचं वरचं बटण काढून परत लावलं.

व्हरांड्यात आमचे हे हातोडी घेऊन उभे होते. दोन खोल्यांत कुत्रा कशाला म्हणणाऱ्या त्या माणसाने सकाळभर खपून, साखळी अडकवायला भिंतीत एक जाडजूड खुंटी ठोकली होती. मुलगा शेजारी ओणवा होऊन पडलेला चुना गोळा करत होता. आम्हाला बघून दोघंही आमच्या मागे बघायला लागले.

“काय झालं?” ह्यांनी विचारलं. “दिला नाही त्यांनी?”

भाऊंनी छत्री कठड्याला टेकवली, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

“ते देत होते रे,” भाऊ म्हणाले. “मीच नको म्हटलं.”